धुराचे टक्के

माझी आई पुण्याची आणि मामा वेल्सचा. जन्मले दोघं सदाशिव पेठेतल्या एकाच वाड्यात, पण 1968 साली मामा दक्षिण वेल्समधल्या ॲबरडेअरच्या खोऱ्यात नोकरीला गेला आणि छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून तिथेच निवृत्त झाला. ते खोरं कोळशाच्या खाणींचं. आई त्या काळात वाड्याच्या स्वयंपाकघरात शेगडी फुंकत होती. म्हणजे उमेदीची वर्षं दोघांचीही कोळशातच गेली, आणि कोळशाबद्दल दोघांचं एकमत झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

मामा हिवाळ्यात येतो. साखर, राजकारण आणि कोळसा या तीन विषयांवरचं भांडण ठरलेलं. पहिल्या दोहोंत ऐकण्यासारखं काही नसतं. तिसरं मात्र मी या वेळी कान देऊन ऐकलं. ते एका बैठकीत झालं नाही. जेवणावरून उठताना अर्धं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी चहाला पुढे सुरू व्हायचं. इथे मी ते सलग लावलं आहे. आई पंच्याऐंशीची, मामा तिच्याहून थोडा लहान. ती त्याला अजून ‘बाळ’ म्हणते.

निमित्त बंबाचं झालं. आईने तो माळ्यावरून उतरवून मोडीत द्यायचं ठरवलं होतं.

मामा : आक्का, अगं तांब्याचा आहे. शोभेला ठेव. हल्ली हॉटेलवाले दाराशी मांडून ठेवतात.

आई : ठेवत असतील. त्यांनी त्याच्या पोटातली राख कधी काढलेली नाही.

मामा : मग वखारीचं नाव निघालं की एवढी खुलतेस कशाला?

आई : वखारीत कारभार चोख होता म्हणून. काय जाळतोय, किती जाळतोय, ते घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. महिन्याला पोतंभर लोणारी कोळसा, बंबफोड निराळी. घ्यायच्या आधी दोन कोळसे एकमेकांवर वाजवून बघायचे. खण्‌ वाजला तर नीट भाजलेला. बद्द आवाज आला की समजायचं, वजन वाढवायला पाणी मारलंय. तागडीत तळाची भुकटी येऊ द्यायची नाही. मग हमाल पाठीवर पोतं घेऊन यायचा, जिन्याखालच्या खणात ओतायचा आणि रिकामं पोतं दारात झटकून दाखवायचा. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून दोन पोती जास्त. पैसे खात्यावर.

मामा : आणि तो हमाल? त्याच्या पाठीचं काय झालं?

आई : ते तू डॉक्टर, तू सांग. मी त्याला चहा देत होते आणि उन्हाळ्यात पन्हं.

मामा : तिकडचे कोळसेवालेही असेच. पाठीवर चामड्याची जाड पट्टी बांधलेली. एका पोत्यात 112 पौंड, म्हणजे जवळपास 51 किलो. लॉरीच्या कडेला पाठ लावून उभा राहायचा, वाकून पोतं अंगावर ओढायचा आणि गल्लीतून मागच्या दाराच्या कोठीपर्यंत जायचा. माझी घरमालकीण पडद्याआडून रिकामी पोती मोजायची. आठ मागवली तर जमिनीवर आठच पडली पाहिजेत.

आई : बघ. बायका सगळीकडे सारख्याच शहाण्या.

मामा : पण खाणकामगारांच्या घरी पोतं यायचं नाही. त्यांना कोळसा पगाराचाच भाग म्हणून मिळायचा. लॉरी यायची आणि दारासमोर रस्त्यावर ढीग ओतून निघून जायची. मग फावडं, बादली, घरात असतील ती पोरं. एखादी विधवा असली, किंवा नवरा दम्याने टेकीला आलेला असला, तर तिचा ढीग गल्लीतली माणसं न विचारता आत टाकायची. अंधार पडायच्या आत रस्त्यावर खडा राहता कामा नये. शेवटी बाई गुडघ्यांवर बसून दारापुढची फरशी घासायची. सगळ्या गल्लीला कळायचं, आज कुणाकडे कोळसा आला.

इथे मला एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मामा कोळशाचा हाडवैरी. पण ही गल्ली सांगताना त्याचा आवाज दरवेळी मऊ होतो. आईच्याही ते लक्षात आलं आहे, आणि ती ते सोडणाऱ्यांतली नाही.

आई : खुललास की.

मामा : माणसं चांगली होती. कोळसा चांगला नव्हता. माणसं चांगली होती म्हणून कोळशाला गुण देऊ नये.

आई : आणि घर ऊबदार व्हायचं का तरी?

मामा : एक खोली. त्याही खोलीत छाती भाजायची आणि पाठ गार. निजायच्या खोलीत सकाळी काचेवर आतल्या बाजूने बर्फ. उघड्या शेकोटीची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते.

आई : म्हणजे एवढा ढीग वाहून आणून आकाश तापवत होतात.

मामा : अगदी. म्हणून सांगतो, पद्धतच वाईट.

आई : आमच्यात निदान घर तापवायचं खूळ नव्हतं. जिथे हवी तिथेच धग. शेगडीवर भात, खाली आच उरली तर त्यात वांगं किंवा रताळं, निवत आल्यावर दूध. त्यातलेच चार निखारे इस्त्रीत. सकाळी राख भांडी घासायला. बंबाचं पाणी पहिल्याला चटके देणारं म्हणून त्याला विसण जास्त, शेवटच्याला नुसतंच कोमट. शेवटचा नंबर माझा असायचा, ते सोड.

मामा : का सोडू? तेच तर मी म्हणतोय.

खरं तर महाराष्ट्रातल्या घरातही एक खोली तापवायची पद्धत होती, आणि ती या भांडणात फार काळ लपून राहणं शक्य नव्हतं. बाळंतिणीची खोली. बाज, बाजेखाली शेगडी, तिच्यात फुललेले लोणारी कोळसे, त्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली. दार लोटलेलं, खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे. सव्वा महिना हे चालायचं. 1966 च्या थंडीत आमच्या वाड्यात अशी एक खोली तापत होती. तीत आई होती आणि तिच्या कुशीत मी. मामा तेव्हा वैद्यकीचं शिकत होता.

मामा : मी आत आलो की खिडकी उघडायचो. मी वळलो की आजी बंद करायची. शेवटी तिने मला खोलीत यायची बंदी केली. म्हणाली, तुझं शिक्षण तुझ्यापाशी.

आई : बरोबर केलं. ओल्या बाळंतिणीला वारं लावायला निघाला होता.

मामा : आक्का, लोणारी कोळशाला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो. धोका तिथेच आहे. कमी हवेत जळणारा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते. बाळंतीण झोपली तर घरातले म्हणतात, बरं झालं, विश्रांती मिळाली.

आई : एवढ्या पिढ्या शेकल्या त्या काय सगळ्या गेल्या?

मामा : नाही गेल्या. का नाही गेल्या ते विचार.

आई : मला ठाऊक आहे. वर कौलं होती. दाराखालून मांजर जाईल एवढी फट होती. आढ्यापर्यंत उंच खोली, भिंतीत वर जाळी. तुझी आजी बोळे कोंबायची ते वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून. हवा कौलांतून चालूच असायची. या फ्लॅटमध्ये मी कुणाला शेगडी ठेवू देणार नाही. सरकत्या काचा आणि वर स्लॅब. इथे ठेवली तर सकाळी कुणी उठायचं नाही.

मामा : मग माझं म्हणणं मान्य झालं.

आई : तुझं नाही, कौलांचं. शेगडी त्या घरासाठी होती. तुम्ही डॉक्टर नुसती शेगडी बघता, घर बघत नाही.

या मुद्द्यावर मी आईच्या बाजूची आहे, निम्मी. कौलारू घराला आपोआप हवा मिळत असे हे खरं; पण माझ्या पणजीने ते मोजूनमापून केलं होतं असं मला वाटत नाही. थंडी कडक पडली आणि कुणी दाराची फटही बुजवली, तर त्या घराचं संरक्षण तेवढ्या एका चिंधीवर येऊन थांबायचं. मामाचा पुढचा वार मात्र त्याहून हुशारीचा होता.

मामा : गॅस आला तेव्हाचं तुझं पत्र आहे माझ्याकडे. त्यात लिहिलंयस की रडू आलं.

आई : डिपॉझिट आणि शेगडीच्या पैशांसाठी अंगठी मोडली होती. रडू येणार नाही तर काय?

मामा : आणि दुसऱ्या पानावर लिहिलंस, काडी ओढली आणि चहा झाला.

आई : लिहिलं असेल. पण तिसरं पान मी लिहिलंच नाही, ते आता सांगते. शेगडीचे निखारे संपले की स्वयंपाकघर बंद व्हायचं. दुपारी दोननंतर चहा हवा असेल तर पुन्हा कोळसे पेटवा, गॅलरीत नेऊन पुठ्ठ्याने वारा घाला, धूर ओसरेपर्यंत थांबा. एवढं करायला लावायची कुणाची छाती नव्हती. सगळी माणसं वेळेवर जेवायला यायची, कारण गरम पुन्हा होणार नव्हतं. गॅस आला आणि तुझ्या मेहुण्यांना रात्री अकराला कॉफी सुचायला लागली. फुंकणी सुटली बाळ, पण सुटका झाली नाही.

मामा : म्हणून गॅस नको होता?

आई : हवा होता. काय काय आलं त्याच्याबरोबर, ते सांगतेय.

मामाने यावर उत्तर दिलं नाही. तो कोळशाच्या भुकटीकडे वळला. वाड्यातल्या बायका तळाला उरलेली भुकटी फेकत नसत. शेण आणि थोडी माती घालून तिचे गोळे वळायचे, गच्चीवर वाळवायचे आणि निखाऱ्यांवर ठेवायचे. गोळा सावकाश जळतो, आच धरून ठेवतो. वेल्सच्या पश्चिम भागातही बायका कोळशाची भुकटी आणि चिकणमाती कालवून गोळे करत, आणि मामाला हे तिथे गेल्यावर कळलं तेव्हा त्याने घरी लांबलचक पत्र धाडलं होतं. पण ॲबरडेअरच्या अलीकडे, ॲबरकुमबॉय नावाच्या गावात, याच गोळ्यांचा मोठा कारखाना होता.

मामा : फर्नासाइट. भुकटीत शेणाऐवजी डांबर घालायचं, दाबून अंड्याच्या आकाराचे गोळे पाडायचे आणि भट्टीत भाजायचे. भाजताना धूर करणारं सगळं आधीच निघून जातं. मग तो गोळा गिऱ्हाइकाच्या घरी धूर न करता जळतो.

आई : चांगलं की.

मामा : गिऱ्हाइकासाठी चांगलं. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुकं बसलं, घराघरातल्या कोळशाच्या धुराने दाटलेलं. तेव्हा चार हजार मेले असं मानलं गेलं. नंतरच्या अभ्यासांत आकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्यानंतर 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. शहरांत धूरबंदीचे विभाग झाले आणि बिनधुराच्या इंधनाला मागणी आली. ते आमच्या खोऱ्यात भाजलं जायचं. निघालेला सगळा धूर ॲबरकुमबॉयवर. झाडं काळी, वाळत घातलेले कपडे काळे. कारखाना 1990 मध्ये बंद पडला. कामगारांचे दावे न्यायालयात पुढे बावीस वर्षांनी निकाली निघाले, 2012 मध्ये. काहींना न्याय मिळाला, काहींचं म्हणणं फेटाळलं गेलं. ती माणसं माझ्याकडे यायची. खाणीत कधी न उतरलेली.

आई : म्हणजे धूर गेला नाही, गाव बदललं. मग माझा गीझर आणि काय वेगळं करतो? चंद्रपूरला कोळसा जळतो आणि पुण्यात मी बटण दाबते. माझ्या आंघोळीचा धूर तिकडची माणसं खातात. बंबाचा धूर मीच खात होते.

मामा : फरक आहे. एका चिमणीला गाळणी बसवता येते. एक लाख शेगड्यांना बसवता येत नाही.

आई : बसवली का?

हा प्रश्न आईने सहज विचारला; तिला उत्तर माहीत नव्हतं. मामालाही नीट माहीत नव्हतं, म्हणून मी मधे पडले. राख धरणारी यंत्रं आपल्या औष्णिक केंद्रांत असतात. गंधकाचे वायू धरणाऱ्या यंत्रणेसाठी 2015 च्या डिसेंबरात नियम झाला, मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि 2025 च्या जुलैत केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट दिली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देशातलं कोळशाचं वार्षिक उत्पादन पहिल्यांदा शंभर कोटी टनांवर गेलं होतं. आपल्याकडच्या दर चार युनिट विजेमागे जवळपास तीन कोळशाची. वखारी गेल्या, पण कोळसा आपण कधी नव्हता एवढा जाळतो आहोत, आणि आमच्या इमारतीतल्या कुणाच्याही बोटाला त्याचा डाग नाही.

मामा : ब्रिटनने आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र सप्टेंबर 2024 मध्ये बंद केलं. होतं हे करता.

आई : दीडदोनशे वर्षं जाळून झाल्यावर. आम्हाला शिकवू नकोस.

मामा : मी शिकवत नाही. मी चाळीस वर्षं ज्या छात्या ऐकल्या त्यांच्याबद्दल बोलतोय.

आई : छाती मीही ऐकली. तुझ्या आजीची. रात्रभर ढास लागायची, भिंतीपलीकडे कळायची. माझं म्हणणं एवढंच आहे की तेव्हा ज्याला गरम पाणी हवं असायचं त्याला पाणी तापवणारीचा खोकला ऐकू यायचा. चंद्रपूरचा मला ऐकू येत नाही.

मामा : ऐकून कुणी काय केलं, आक्का?

आई गप्प झाली. माझ्या आठवणीत या विषयावर ती गप्प बसल्याची ही पहिलीच वेळ. मामाने तिला तसंच ठेवलं असतं तर तो जिंकला असता, पण डॉक्टर माणूस, त्याला समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मामा : आजीचा खोकला सगळ्या वाड्याने ऐकला आणि आडुळशाचा काढा दिला. कुणी विचारलं नाही की हा शेगडीपाशी बसणाऱ्यांनाच का होतो. वेल्समध्ये निदान तो मोजला. कार्डिफला डॉक्टरांचं पॅनेल बसायचं. खाणकामगाराचा एक्स-रे बघायचं, तपासायचं आणि टक्के ठरवायचं. दहा टक्के धूळ, तीस टक्के, पन्नास टक्के. टक्क्यांवर पैसे. लोक एकमेकांची ओळखच तशी करून द्यायचे. हा अमका, याला पन्नास टक्के धूळ. पबमध्ये दोन म्हातारे वाद घालायचे, तुला साठ कसे मिळाले, जिना तर तू माझ्याआधी चढतोस! आणि मेल्यावरही सुटका नाही. फुप्फुसं पॅनेलकडे पाठवायची. मरण धुळीमुळेच आलं का, यावर विधवेचा हक्क ठरायचा. शवचिकित्सेची परवानगी मागायला मी किती घरांत गेलो असेन. बायको ‘हो’ म्हणायची आणि आत जाऊन चहा टाकायची.

आई : अरे देवा.

मामा : आणि नुसती धुळीची गाठ असेल तरच टक्के. जुनाट खोकला, दम लागणं, फुप्फुसं फुगणं, हे म्हणे सिगारेटमुळे. ते खाणीमुळेही होतं हे न्यायालयात सिद्ध व्हायला 1998 उजाडलं. मग भरपाईसाठी पाच लाखांहून जास्त अर्ज आले. कित्येकांच्या वतीने मुलांनी, नातवंडांनी भरलेले.

आई : ती पोतं मोजणारी तुझी घरमालकीण. तिला किती टक्के होते?

मामा : तिला कसे असतील? ती खाणीत नव्हती.

आई : रोज पहाटे शेकोटीतली राख कोण काढायचं? नवऱ्याचे काळे कपडे कोण झटकायचं? फरशी कोण घासायचं? पॅनेलने तिला बोलावलं नाही?

मामा : नाही. पगाराच्या यादीवर नाव असेल त्यालाच टक्के.

आई : मग ते पॅनेलही आपल्या वाड्यासारखंच. ऐकू येत होतं, तरी काही केलं नाही.

आता गप्प बसायची पाळी मामाची होती. ॲबरफॅनचं नाव निघालं की तो असाच गप्प होतो. तिथे त्याच्या येण्याआधी दोनच वर्षं कोळशाच्या टाकाऊ मालाची टेकडी शाळेवर घसरली आणि 116 मुलं आणि 28 मोठी माणसं गेली. तो विषय आम्ही काढत नाही. या वेळचं गप्प बसणं निराळं होतं. तो काहीतरी जुळवत होता.

मामा : पुण्यातच झालंय ते काम. उशिरा झालं, पण झालं. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉक्टर साळवी. त्यांनी एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की सिगारेट कधी न ओढलेल्यांनाही जुनाट खोकल्याचा, दम लागण्याचा हा आजार होतो, आणि त्यामागचं जगभरातलं एक मोठं कारण म्हणजे घरात जळणारं लाकूड, शेण, कोळसा. मी तो लेख वाचला तेव्हा निवृत्त झालो होतो. आजी मरून छत्तीस वर्षं झाली होती.

आई : म्हणजे आता मला टक्के देणार?

मामा : तुला एकटीला देऊन काही सिद्ध होत नाही. आमच्याकडे आर्ची कॉक्रन नावाचा माणूस होऊन गेला. तो म्हणायचा, दवाखान्यात चालत येतात तेवढेच रोगी मोजले तर चुकीचं उत्तर मिळतं. 1950 च्या सुमारास त्याने ऱ्होंडा फाख हे अख्खं खोरं तपासायला घेतलं. खाणवाले, दुकानदार, बायका, जवळजवळ सगळी प्रौढ माणसं. घरोघर फिरून, गाड्या पाठवून लोकांना एक्स-रेला आणलं. जो येत नाही त्याच्याच मागे जास्त लागायचं, कारण न येणाऱ्याचंच काहीतरी बिनसलेलं असतं.

आई : मग बायकाही मोजल्या की त्याने.

मामा : मोजल्या. क्षयासाठी आणि तुलनेसाठी. चुलीसाठी नाही.

आई : वाड्यात आठ बिऱ्हाडं होती. आठ शेगड्या. मी सांगते, तू लिही.

मामा : आक्का, याला अभ्यास म्हणत नाहीत.

आई : लिही तर. तळमजल्यावर पुढच्या बाजूला मास्तरांकडच्या. त्यांचं स्वयंपाकघर अंगणात उघडायचं. नव्वदीपर्यंत ठणठणीत. त्यांच्या मागचं बिऱ्हाड, तिथे खिडकीच नव्हती. सासूला दमा, सुनेला दमा. सून पन्नाशीत गेली. त्यांच्याकडे वखारीचा कोळसाही नसायचा, ओला भुसा आणि ढलप्या. पहिल्या मजल्यावर आपण. आजी. आईला काही नाही, पण आई शाळेत शिकवायची, दिवसभर घरात नसायची. आपल्या शेजारी त्या दोघी जावा. थोरली शेगडीपाशी, धाकटी देवघरात. थोरलीला वरचा जिना चढवेना, म्हणून त्यांनी खोली बदलून घेतली, आठवतं का तुला?

मामा : आठवतं. मला वाटायचं गुडघ्यांमुळे.

आई : गुडघे धड होते. माडीवरच्या काकूंकडे रॉकेलचा स्टोव्ह सगळ्यांच्या आधी आला, त्यांना काही झालं नाही. कोपऱ्यातल्या मावशी मात्र खोकूनखोकूनच गेल्या. पण त्या मशेरी लावायच्या, तेही लिही.